इंजिन फ्लश सरसकट नको: सर्व्हिस सेंटरांच्या व्यवस्थापकांना खुलं पत्र

प्रति,
सर्व्हिस सेंटरचे व्यवस्थापक, वर्कशॉप सुपरवायझर आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर यांस,

सप्रेम नमस्कार.

नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या यादीत ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर यांच्या रांगेत ‘इंजिन फ्लश’, म्हणजे इंजिनातला गाळ धुऊन काढण्याचं द्रव्य, ही ओळ आता हमखास दिसते. गाडीचं रनिंग किती, मागचं ऑइल कधी बदललं, टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) आत काय अवस्था आहे, यातलं काहीही न बघता ती ओळ आधीच छापलेली असते. ग्राहकाने नको म्हटलं तरच ती खोडली जाते. ही पद्धत बंद करा, अशी आमची मागणी आहे. आम्ही इंजिनं उघडणारी, जोडणारी आणि ऑइलच्या कामात मुरलेली माणसं आहोत. फ्लश म्हणजे निव्वळ फसवणूक, असं आमचं म्हणणं नाही. त्याला त्याची जागा आहे, पण वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीच्या सर्व्हिसिंगमध्ये ती जागा नाही.

डब्यात काय असतं तिथून सुरुवात करू. फ्लशचा डबा बहुधा ३०० ते ५०० मिलिलिटरचा असतो. बहुतेक उत्पादनांत त्यातला मोठा भाग रॉकेलच्या जातकुळीतलं हलकं पेट्रोलियम द्रावक असतं आणि उरलेल्या भागात डिटर्जंट व डिस्पर्संट. काहींमध्ये द्रावक कमी आणि डिटर्जंट जास्त असतं, ती तुलनेने सौम्य. जुन्या ऑइलमध्ये डबा ओतायचा, इंजिन पाच ते पंधरा मिनिटं आयडलवर चालू ठेवायचं आणि सगळं एकत्र काढून टाकायचं, एवढीच कृती.

आता तुम्ही जे नवं ऑइल भरता त्याकडे बघा. त्यात मूळ तेलाबरोबर साधारण १० ते २५ टक्के अ‍ॅडिटिव्ह असतात. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची डिटर्जंट आम्ल मारतात आणि गरम धातूवर राळ बसू देत नाहीत. डिस्पर्संट काजळीचे आणि ऑक्सिडेशनमधून तयार झालेले बारीक कण एकमेकांना चिकटू न देता तेलात तरंगत ठेवतात, म्हणजे ते ऑइलबरोबर बाहेर जातात. पेट्रोल गाडीच्या नव्या ऑइलचा टीबीएन, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद, बहुधा ७ ते १० च्या आसपास असते. २०२० पासून लागू असलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी श्रेणीचं ऑइल बाजारात येण्याआधी सिक्वेन्स व्हीएच नावाची चाचणी पार करतं. त्या चाचणीत इंजिन मुद्दाम गाळ धरेल अशा परिस्थितीत चालवतात आणि नंतर उघडून गाळ व व्हार्निश (तेलाचा भाजून बसलेला पातळ थर) किती धरलं त्याला गुण देतात. सफाईचं काम ऑइल रोज, हजारो किलोमीटर, इंजिन चालू असेपर्यंत करत असतं. ते वेळच्या वेळी बदललं असेल तर दहा मिनिटांच्या डब्याला काढण्यासारखं आत फारसं काही उरतच नाही.

फ्लश विकताना सगळ्यात जास्त वापरला जाणारा पुरावा म्हणजे डिपस्टिक, ऑइलची पातळी बघायची पट्टी. ती पुसायच्या पांढऱ्या कागदावर काळा डाग उमटतो, तो ग्राहकाला दाखवला जातो आणि ‘बघा, इंजिन आतून किती खराब झालंय’ असं सांगितलं जातं. ऑइल काळं होणं हे डिस्पर्संट काम करत असल्याचं लक्षण आहे. काजळी तेलात आहे म्हणजे ती धातूवर बसलेली नाही. डिझेल इंजिनात तर नवं ऑइल भरून गाडी थोडी फिरवली की ते काळं पडतं, मग आत फ्लश मारलेला असो वा नसो. रंगावरून फ्लश ठरवणारा अ‍ॅडव्हायझर ग्राहकाला चुकीची माहिती देतो आहे, आणि बहुतेक वेळा त्याला स्वतःलाही ती तशीच शिकवलेली असते.

तीच गत फिलर कॅपखाली दिसणाऱ्या पांढऱ्या, दह्यासारख्या साक्याची. थंड हवेत जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पाण्याची वाफ कॅपपाशी गार होऊन तिचं पाणी होतं, ते ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि तसा थर येतो. कूलंटची पातळी कमी होत नसेल आणि डिपस्टिकवर दुधाळपणा नसेल, तर त्या साक्याला औषध एकच: गाडी पुरेशी गरम होईल अशी लांब चालवणं आणि ऑइल थोडं लवकर बदलणं. कूलंट कमी होत असेल तर प्रश्न हेड गॅस्केटचा किंवा ऑइल कूलरचा आहे, तिथे फ्लश मारून फक्त वेळ जातो.

फ्लशमुळे नेमकं काय होतं याचा हिशेब करून बघा. चार लिटर ऑइल असलेल्या इंजिनात ३०० मिलिलिटरचा डबा ओतला की मिश्रणात फ्लशचं प्रमाण सुमारे ७ टक्के होतं. १०० अंश सेल्सिअसला ज्या ऑइलची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) साडेदहा सेंटिस्टोकच्या घरात आहे, ते हलक्या द्रावकाच्या ७ टक्क्यांनी आठच्या आसपास येतं. म्हणजे भरलेलं ५डब्ल्यू-३०, म्हणजे ३० ग्रेडचं ऑइल, त्या दहा मिनिटांपुरतं २० ग्रेडचं होऊन जातं. डबा ५०० मिलिलिटरचा आणि इंजिनातलं ऑइल तीनच लिटर असेल तर घसरण याहून बरीच मोठी. शिवाय जुन्या ऑइलमध्ये आधीच पेट्रोल मिसळलेलं असू शकतं, डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत आणि छोट्या फेऱ्यांत तर हमखास. डब्यावर ‘गाडी चालवू नये, रेस करू नये’ असं छापलेलं असतं ते यासाठी. बेअरिंगमधली तेलाची फिल्म आयडलवर कशीबशी तग धरते, लोडखाली धरेलच असं नाही. फ्लश टाकून गाडी पार्किंगमधून रॅम्पपर्यंत चढवत आणणं, रॅम्पवर ‘चांगलं फिरू दे’ म्हणून ३००० आरपीएमवर रेस करणं, हे प्रकार रोज घडतात आणि ते थेट त्या सूचनेच्या विरुद्ध आहेत.

काढून टाकल्यावरही सगळं बाहेर येत नाही. हेडमधले खड्डे, ऑइल गॅलरी, कूलर, चेन टेन्शनर, फिल्टरचं हाऊसिंग यांत मिळून दोन-चारशे मिलिलिटर ऑइल सहज राहतं. त्यातलं ७ टक्के धरलं तर नव्या ऑइलमध्ये साधारण १५ ते ३० मिलिलिटर फ्लश जातो. हे प्रमाण एका टक्क्याच्या आत आहे आणि द्रावकाचा बराचसा भाग गरम ऑइलमधून पुढे उडूनही जातो. त्यामुळे ‘फ्लश केला की नवं ऑइल बाद’ असं आम्ही म्हणणार नाही. स्वच्छ इंजिनात, सूचनेप्रमाणे केलेल्या फ्लशने सहसा बिघाड होत नाही. मात्र स्वच्छ इंजिनात त्याने फायदाही होत नाही, आणि फायदा नसलेल्या कामाचे पैसे घेणं चूक आहे. त्याच पैशात ग्राहकाला वरच्या दर्जाचं ऑइल किंवा चांगला फिल्टर देता येतो, ज्याचा उपयोग इंजिनाला पुढचे हजारो किलोमीटर होतो.

दाव्यांबद्दलही बोलायला हवं. फ्लशने अ‍ॅव्हरेज वाढतं, पिकअप सुधारतो, ‘कार्बन निघतो’ असं सांगितलं जातं. कार्बन कुठे असतो? एक, इनटेक व्हॉल्व्हच्या मागे. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात तो जास्त साठतो, कारण तिथे पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहतच नाही. पण चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, ओतलेला फ्लश तिथपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवून साफ करावं लागतं. दोन, पिस्टनच्या डोक्यावर आणि कंबशन चेंबरमध्ये. तिथेही ऑइलच्या चेंबरमधल्या फ्लशचा संबंध येत नाही. तीन, पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत, विशेषतः ऑइल रिंगच्या मागच्या परतीच्या छिद्रांत. तिथे ऑइल पोहोचतं, पण तो कार्बन भाजून कोक झालेला असतो आणि दहा मिनिटांत हलत नाही. रिंग चिकटून ऑइल खाणाऱ्या गाडीला प्लगच्या छिद्रातून पिस्टनवर क्लीनर घालून तासन् तास भिजवणं, किंवा चांगल्या डिटर्जंटचं ऑइल लवकर लवकर बदलत काही हजार किलोमीटर चालवणं, हे जास्त उपयोगी पडतं. डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर), ईजीआर (धूर परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इंजेक्टर यांचा तर या डब्याशी काहीच संबंध नाही.

मग गाळ होतो तो कशाने? ऑइल बदलायचं राहून जातं, अ‍ॅडिटिव्ह संपतात, ऑइल ऑक्सिडाइझ होऊन घट्ट होतं. रिंगांच्या बाजूने खाली उतरणारे वायू, त्यातले नायट्रोजनचे ऑक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ हे सगळं क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, ऑइलला भेटतं. इंजिन चालू असताना पीसीव्ही व्हॉल्व्ह हे वायू ओढून इनटेकमध्ये पाठवतो. तो व्हॉल्व्ह चिकटला, त्याची नळी तुंबली किंवा ऑइल सेपरेटर चोंदला, तर वायू आतच फिरत राहतात आणि गाळ झपाट्याने वाढतो. गाळ दिसलेल्या गाडीत फ्लश मारून पीसीव्हीला हात न लावता गाडी परत देणं म्हणजे अर्धवट काम. पीसीव्ही तपासायला पाच मिनिटं लागतात: आयडलवर व्हॉल्व्ह काढून बोट लावलं की ओढ जाणवली पाहिजे, हलवला की बहुतेक प्रकारांत आतून टकटक वाजला पाहिजे. सेपरेटर टॅपेट कव्हरमध्येच असेल तर फिलर कॅप काढताना फार जोराची ओढ किंवा बाहेर फुंकर येते का ते बघावं.

आता जे आम्हाला सर्वांत जास्त खटकतं त्याकडे येतो. ज्या इंजिनाला फ्लशची गरज आहे असं बघताक्षणी वाटतं, तेच इंजिन बहुधा फ्लशने धोक्यात येतं.

ऑइल पंपाची सक्शनची नळी चेंबरच्या तळापासून थोडी वर संपते आणि तिच्या तोंडाशी स्ट्रेनर असतो: मिलिमीटरभराच्या किंवा त्याहून लहान छिद्रांची तारेची जाळी, आकाराने बशीएवढी किंवा त्याहूनही लहान. गाळाने भरलेल्या इंजिनाचा चेंबर उतरवला की जाळीच्या कडा आधीच काळ्या, डांबरासारख्या थराने बुजलेल्या दिसतात आणि मधल्या मोकळ्या भागातून पंप कसाबसा ऑइल ओढत असतो. अशा इंजिनात द्रावक गेलं की टॅपेट कव्हर, हेड आणि टायमिंग कव्हरच्या भिंतींवरचा थर एकसारखा विरघळत नाही. तो खालून सुटतो आणि भिंतीच्या रंगाचे पोपडे पडावेत तसे तुकडे परतीच्या मार्गाने चेंबरमध्ये येतात. हे तुकडे थेट जाळीवर जाऊन बसतात. फिल्टर त्यांना अडवू शकत नाही, कारण फिल्टर पंपाच्या पुढे आहे आणि जाळी पंपाच्या मागे. जाळी बुजली की सगळ्या इंजिनाचा ऑइलपुरवठा एकदम घटतो.

हे लगेच कळतंच असं नाही. डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून खाली गेल्यावरच लागतो. आयडलवर पंपाला ऑइल कमी लागतं, तेव्हा दिवा विझलेला. पुढे हायवेवर ३००० आरपीएमला मागणी वाढते, जाळीतून तेवढं येत नाही, पंप हवा ओढायला लागतो. सर्वांत आधी त्रास होतो टर्बोच्या शाफ्टला, कॅमशाफ्टच्या टोकाकडच्या जर्नलला आणि बिग एंड बेअरिंगला. गाडी फ्लश करून गेली त्या दिवशी ठीक होती, काही दिवसांनी टक् टक् आवाज करत आली, असा हा क्रम असतो, आणि तोवर जॉब कार्ड बंद झालेलं असतं.

बारीक कण जाळीतून निसटले तर फिल्टरपाशी येतात. तिथे कागद एकदम भरला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो. फिल्टरच्या दोन बाजूंतला दाबफरक साधारण एका बारच्या आसपास गेला की तो उघडतो, आणि मग न गाळलेलं ऑइल थेट गॅलरीत. बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजतात, दोन ते सहा शतांश. व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्हच्या उघडझापेची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हला अनेक इंजिनांत स्वतःची इवलीशी जाळी असते. टर्बोच्या फीड लाइनच्या बँजो बोल्टमध्येही काही इंजिनांत जाळी असते. या दोन जाळ्या बुजल्या की कॅम टायमिंगचे कोड येतात किंवा टर्बो शिट्टी मारायला लागतो, आणि दोष सेन्सरवर टाकला जातो.

आणखी एका प्रकारच्या इंजिनाला फ्लश कटाक्षाने टाळावा: ज्यांचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडून चालतो. फोर्डच्या १ लिटर इकोबूस्टच्या बेल्टवाल्या आवृत्त्या आणि पूजो-सिट्रोएनचं १.२ लिटर प्युअरटेक ही ठळक उदाहरणं. ऑइलमध्ये मिसळलेल्या पेट्रोलने या बेल्टचं रबर फुगतं, भेगाळतं, त्याचे तंतू सुटतात आणि ते स्ट्रेनरवर जमतात, ही बाब सर्वज्ञात आहे. तिथे आपण होऊन आणखी द्रावक ओतण्यात काय शहाणपण आहे? अशा गाडीत कंपनीने सांगितलेल्या स्पेसिफिकेशनचं ऑइल, वेळेच्या आधी बदल, आणि फिलरच्या तोंडातून बेल्टची रुंदी मोजण्याचं गेज ज्या इंजिनासाठी मिळतं तिथे त्या गेजने तपासणी, हेच काम.

उत्पादकांची भूमिकाही तुमच्या लोकांना माहीत हवी. जनरल मोटर्सने आपल्या डीलरांसाठी काढलेल्या सेवा-पत्रकात स्पष्ट म्हटलं आहे की पेट्रोल इंजिनांसाठी क्रँककेस फ्लशची शिफारस कंपनी करत नाही, काही फ्लशमधले घटक सील आणि बेअरिंगना बाधू शकतात, आणि फ्लशमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. तुम्ही ज्या कंपनीच्या गाड्या हाताळता तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलं देखभालीचं वेळापत्रक उघडा. त्यात फ्लशची ओळ नसेल, तर वॉरंटीतल्या गाडीला तो मारून जबाबदारी कोण घेणार, हे आधी ठरवा.

फ्लश कधी योग्य, हेही सांगायला हवं. सेकंड हँड गाडी आली आहे आणि मागच्या ऑइल बदलांची नोंद नाही; किंवा एखादा बदल चुकून अंतर दुप्पट झालं आहे; किंवा गरम इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर टकटकतात, ऑइलचा दाब मात्र बरोबर आहे; किंवा व्हीव्हीटी आळशीपणे काम करते आहे आणि सोलेनॉइड व वायरिंग ठीक आहे. अशा वेळी आतून बघा. फिलर कॅप काढून टॉर्च मारा, जमल्यास बोरस्कोप (नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा) घाला. कॅमशाफ्टचा लोब धातूच्या रंगाचा आणि कडेला मधासारखी सोनेरी-तपकिरी छटा असेल, तर ते साधं व्हार्निश आहे, काही करायची गरज नाही. गडद तपकिरी, नखाने न निघणारा पातळ थर असेल, तर सौम्य, डिटर्जंटवर चालणारा फ्लश वापरायला हरकत नाही. बोट फिरवल्यावर काळा, ग्रीससारखा लगदा हाती आला, किंवा कोपऱ्यांत कोळशासारखे कडक खडे दिसले, तर फ्लशचा डबा परत फळीवर ठेवा.

बघून झालं की जुना फिल्टर कापा. फिल्टर कटर नसेल तर डब्याची कड करवतीने कापू नका, धातूचा कीस आत पडून निष्कर्ष चुकतो. कागद सुऱ्याने काढून, चुण्या पसरून, पिळून उजेडात धरा. काळं ऑइल निथळून कागद तपकिरी आणि मोकळा दिसला तर ठीक. चुण्यांच्या तळाशी काळी पेस्ट साचली असेल, चुण्या एकमेकींना चिकटल्या असतील, तर गाळ फिरतो आहे. चकाकणारे तुकडे दिसले तर प्रश्न सफाईचा नाहीच, बेअरिंगचा आहे. शेवटची तपासणी दाबाची. प्रेशर स्विच काढून मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम असताना आयडलवर आणि २००० आरपीएमवर दाब लिहून ठेवा. मॅन्युअलच्या किमान आकड्यापेक्षा दाब कमी असेल तर त्या इंजिनात काहीही पातळ करणारं ओतू नये.

लगदा असलेल्या इंजिनाचं काम हातानेच करायचं. ऑइल काढा, चेंबर उतरवा, स्ट्रेनर काढून द्रावकात भिजवून ब्रशने साफ करा किंवा बदला, सक्शन नळीची ओ-रिंग नवीन घाला (ती कडक झालेली असेल तर जाळी साफ करूनही पंप हवा ओढत राहतो). टॅपेट कव्हर काढून गाळ खरवडून बाहेर घ्या. खरवडताना परतीच्या छिद्रांत कापड कोंबून ठेवा आणि नंतर न विसरता काढा. पीसीव्ही बदला. मग कंपनीच्या ग्रेडचं चांगलं ऑइल आणि फिल्टर घालून हजार-दीड हजार किलोमीटरवर बदल, फिल्टर कापून बघा, पुन्हा तेवढ्यावरच बदल. फिल्टर स्वच्छ निघायला लागला की नेहमीचं अंतर. हे वेळखाऊ आहे, पण उरलेला गाळ हळूहळू आणि फिल्टरला झेपेल अशा गतीने सुटतो. हेड गॅस्केट गेल्याने ऑइलमध्ये कूलंट मिसळलेल्या इंजिनालाही हाच मार्ग: गळती दुरुस्त केल्यावर त्याच ग्रेडचं साधं ऑइल थोडा वेळ गरम फिरवून काढायचं, दुधाळपणा जाईपर्यंत हे पुन्हा करायचं आणि मगच शेवटचं ऑइल. कूलंटमधलं ग्लायकॉल आत राहिलं तर ते ऑइलशी मिळून चिकट थर धरतं आणि बेअरिंग खातं.

फ्लश करायचाच ठरला तर तो असा करा. आधी डिपस्टिक बघा; ऑइल कमाल खुणेपाशी असेल तर डब्याएवढं आधी काढून घ्या, नाहीतर पातळी वर जाऊन क्रँक ऑइल घुसळतो आणि फेस होतो. इंजिन गरम करा. कूलंटचा काटा जागेवर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, ते मागून गरम होतं, म्हणून त्यानंतरही काही मिनिटं थांबा. इंजिन बंद करून डबा ओता. एकच डबा, आणि तोही त्या क्षमतेच्या चेंबरसाठी सांगितलेला. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आयडलवर लेबलवर लिहिलेली मिनिटं. ‘थोडं जास्त ठेवलं तर जास्त साफ होईल’ हा हिशेब इथे चालत नाही. समोर माणूस उभा हवा. लाल दिवा लुकलुकला किंवा टॅपेटचा आवाज वाढला की त्याच क्षणी इंजिन बंद.

काढताना ड्रेन बोल्ट उघडूनच काढा. डिपस्टिकच्या नळीतून व्हॅक्यूमने ओढणं नेहमीच्या बदलाला चालतं, पण फ्लशनंतर सुटलेला गाळ तळाला बसतो आणि नळी तिथपर्यंत पोहोचेलच असं नाही. गाडी सपाट, किमान पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या, थेंब थांबेपर्यंत. फिल्टर फ्लशनंतर बदलायचाच, तपासणीसाठी जुना कापून त्याजागी नवा लावला असला तरीही; नाहीतर सगळा कचरा त्या नव्या फिल्टरमध्ये. कार्ट्रिज फिल्टर असेल तर हाऊसिंगमध्ये राहिलेलं ऑइल पुसून घ्या, ओ-रिंग नवी घाला. ड्रेन बोल्टचं वॉशर नवं, आणि बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यावर; बहुतेक गाड्यांत तो २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे त्यापुढे टिकत नाहीत. सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ऑइल भरा, इंजिन चालू करा, दिवा काही सेकंदांत विझतो का बघा, दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघत उरलेलं भरा. आणि ग्राहकाला लिहून द्या की पुढचा ऑइल बदल नेहमीच्या निम्म्या अंतरावर. सुटायला लागलेला थर नव्या ऑइलमध्येही सुटत राहतो.

रॉकेल किंवा डिझेल चेंबरमध्ये ओतून इंजिन चालवण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे, ती मात्र आजच बंद करा. रॉकेलच्या वाफा चाळीसेक अंशांच्या आसपास पेट घेण्याजोग्या होऊ शकतात, आणि गरम क्रँककेसचं तापमान त्याच्या दुप्पट असतं. त्यात ना डिटर्जंट, ना बेअरिंग सांभाळणारं काही.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. फ्लश पॅकेजमधून काढून टाका. तो करायचा झाला तर जॉब कार्डावर कारण लिहा: काय दिसलं, गरम इंजिनाचा दाब आयडलवर आणि २००० आरपीएमवर किती होता, फिल्टर कापल्यावर काय निघालं, आणि त्याबरोबर फिलरच्या तोंडातून काढलेला फोटो. अ‍ॅडव्हायझरला महिन्याला इतके डबे विकायचे असं टार्गेट देऊ नका. टार्गेट असलं की डिपस्टिकचा काळा कागद पुन्हा बाहेर येणारच. मेकॅनिकला फिल्टर कटर, प्रेशर गेज आणि बोरस्कोप द्या आणि ते वापरायला वेळही द्या. वॉरंटीतल्या आणि ऑइलमधल्या बेल्टच्या गाड्यांची यादी सर्व्हिस बेच्या भिंतीवर लावा, ‘फ्लश नाही’ अशा ठळक अक्षरांत.

ज्या गाड्यांना आधीच सरसकट फ्लश मारला गेला आहे आणि ज्यांच्या आतली अवस्था तेव्हा कुणी पाहिली नव्हती, त्यांना पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न बघता एकदा बोलवा. फिल्टर कापा, दाब मोजा. दाब पडलेला आढळला तर चेंबर उतरवून जाळी बघा, आणि जाळी बुजलेली निघाली तर ते काम ग्राहकाच्या बिलात धरू नका.

आपले,
इंजिन दुरुस्तीच्या आणि ल्युब्रिकेशनच्या कामातले तंत्रज्ञ